कोडचा सांगाडा आणि चालणारं मॉडेल: दोन्हींना 'कोड जनरेशन' म्हणतात, पण फरक मोठा आहे

यूएमएल (सॉफ्टवेअरची रचना आकृत्यांत मांडायची प्रमाण भाषा) टूलमध्ये क्लास डायग्राम काढून जनरेटचं बटण दाबलं की क्लासची नावं, फील्ड आणि रिकाम्या मेथड मिळतात. हा सांगाडा. एक्झिक्युटेबल मॉडेलमधून मात्र पूर्ण चालणारा कोड निघतो, कारण वर्तनही मॉडेलमध्येच लिहिलेलं असतं. टूल निवडताना या दोहोंत गल्लत झाली, तर सहा महिन्यांनी सगळा कोड हातानेच लिहिलेला असतो.

मुंबईतल्या हाजी अलीच्या पर्जन्यजल उदंचन केंद्रासारखी जागा डोळ्यांसमोर आणा. मोठ्या भरतीत समुद्राकडचे दरवाजे बंद ठेवून पावसाचं पाणी पंपांनी बाहेर टाकावं लागतं. तिथल्या खऱ्या प्रणालीशी पुढच्या उदाहरणाचा संबंध नाही. सांगाड्यात 'पंप' क्लास आणि त्यातली रिकामी 'सुरू कर' मेथड मिळेल. पंप कधी सुरू करायचा, हे प्रोग्रामरच्या डोक्यातच राहील.

एक्झिक्युटेबल मॉडेलमध्ये क्लास आणि त्यांचे संबंध असतात, प्रत्येक सक्रिय क्लासचं स्टेट मशीन (वस्तू कोणत्या स्थितीत, म्हणजे स्टेटमध्ये, आहे आणि कोणत्या घटनेने, म्हणजे इव्हेंटने, ती बदलते याचा आराखडा) असतं आणि स्टेटमधल्या कृती अ‍ॅक्शन लँग्वेजमध्ये (कृती नेमकेपणाने लिहायची भाषा) लिहिलेल्या असतात. यूएमएलच्या अशा चालवता येणाऱ्या भागाचं प्रमाण, एफयूएमएल, 2011 मध्ये आलं. अल्फ ही त्याची मजकुरी भाषा.

खरं काम स्टेट-इव्हेंट तक्त्यात होतं. 'थांबलेला', 'सुरू होतोय', 'चालू', 'बिघडलेला' या 4 स्टेट आणि 5 इव्हेंट धरले, तर 20 घरं होतात. प्रत्येक घरात पुढची स्टेट, 'दुर्लक्ष' किंवा 'घडूच शकत नाही' यांपैकी एक नोंद हवीच. पंप 'सुरू होतोय' आणि तेवढ्यात 'पातळी उतरली' आली तर? डायग्राममध्ये न काढलेला बाण कुणाच्या लक्षात येत नाही. तक्त्यातलं रिकामं घर लगेच दिसतं. हा तक्ता भरायचा कंटाळा करू नका, बरेच दोष इथेच सापडतात.

इव्हेंटच्या क्रमाचा नियमही पाठ हवा. एक पंप एका इव्हेंटच्या कृती पूर्ण करूनच पुढचा इव्हेंट घेतो. एकाच पाठवणाऱ्याचे इव्हेंट त्याच पंपाकडे क्रमाने पोचतात. दोन वेगळ्या सेन्सरमध्ये मात्र क्रमाची हमी नसते. सिम्युलेटरमध्ये पातळीचा सेन्सर नेहमी आधी बोलतो म्हणून टेस्ट पास होते आणि प्रत्यक्ष कंट्रोलरवर तीच फसते. म्हणून क्रम उलटसुलट करून चालवा.

मॉडेल कंपायलरला, म्हणजे मॉडेलमधून कोड काढणाऱ्या टूलला, यंत्राची माहिती 'मार्क्स'मधून वेगळी दिली जाते: हा क्लास कोणत्या टास्कमध्ये, पंप जास्तीत जास्त किती, मेमरी आधीच राखायची का. थ्रेड किंवा पोर्ट क्रमांक मॉडेलमध्ये घुसले, की कंट्रोलर बदलताना मॉडेलच उसवावं लागतं.

माहिती भरणं-दाखवणं एवढंच काम असलेल्या फॉर्म-टेबलच्या प्रणालीला सांगाडा पुरतो. पण त्यात मेथडचं नाव बदलून पुन्हा जनरेट केलं, की हाताने लिहिलेला भाग अनेकदा गळून पडतो. मग जनरेट करणंच बंद होतं आणि डायग्राम शिळा होतो.

विक्रेत्याकडे दोन गोष्टी करून मागा: कोड न काढता मॉडेल चालवून ट्रान्झिशनवर (एका स्टेटमधून दुसरीत जाताना) ब्रेकपॉइंट, म्हणजे तपासणीसाठी थांबा, लावणं, आणि जनरेट केलेला फोल्डर डिलीट करून नव्या बिल्डवर सगळ्या टेस्ट पास करणं. दुसरी जमली नाही, तर कुठेतरी हाताने ठिगळ लावलेलं आहे. ते होऊ नये म्हणून हा फोल्डर गिटमध्ये ठेवूच नका. बिल्ड सर्व्हरने तो दर वेळी नव्याने काढावा.