गुलेन-बॅरे विकार (जीबीएस)

जंतुसंसर्गानंतर रोगप्रतिकारयंत्रणा शरीराच्याच परिघीय चेतांवर (मेंदू व मज्जारज्जूबाहेरच्या नसांवर) उलटल्याने येणारा, झपाट्याने वाढणारा लुळेपणा. वर्षाला लाखात एक-दोघांना होतो. गुलेन, बॅरे आणि स्ट्रोल या फ्रेंच डॉक्टरांनी १९१६ मध्ये त्याचे वर्णन केले. स्ट्रोल यांचे नाव मात्र पुढे गळाले.

सुमारे दोन-तृतीयांश रुग्णांना आधीच्या सहा आठवड्यांत जुलाब किंवा सर्दी-खोकला होऊन गेलेला असतो. त्यात पहिला संशय कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी या जिवाणूवर. अर्धवट शिजलेले कोंबडीचे मांस, न तापवलेले दूध, दूषित पाणी या त्याच्या वाटा. त्याच्या काही वाणांच्या पृष्ठभागावरील शर्करा-मेद रेणू चेतातंतूंवरील जीएम-१ गँग्लिओसाइड या रेणूसारखेच असतात. जिवाणूसाठी तयार झालेले प्रतिपिंड (अँटीबॉडी) तिथेही चिकटतात आणि अक्षतंतूला, म्हणजे चेतापेशीच्या लांब धाग्याला, इजा होते. जीक्यू-१बी हा रेणू लक्ष्य ठरला, तर डोळ्यांची हालचाल थांबते, तोल जातो. हा मिलर-फिशर प्रकार. सायटोमेगॅलो, एपस्टाइन-बार, झिका, हेपॅटायटिस-ई हे विषाणू आणि मायकोप्लाझ्मा जिवाणूही निमित्त ठरतात. तरीही कॅम्पिलोबॅक्टरचे जुलाब झालेल्या हजारांत फार तर एखाद्यालाच हा विकार होतो.

मुंग्या आणि अशक्तपणा बहुधा पायांपासून वर चढतो, गुडघ्याचा प्रतिक्षेप (ठोकल्यावर पाय आपोआप उडणे) मंदावतो किंवा जातो. चार आठवड्यांच्या आत, बहुतेकदा दोनच आठवड्यांत, लुळेपणा कळस गाठतो. तोवर मूळ संसर्ग सरलेला असतो, त्यामुळे शौचाच्या तपासणीत जंतू न सापडणे नवलाचे नाही. पाठीतील पाण्यात पेशी न वाढता प्रथिन वाढलेले दिसते, पण पहिल्या आठवड्यात ते नॉर्मलही येते. तेवढ्यावरून निदान फेटाळणे ही नेहमीची चूक.

दुसरी चूक अधिक घातक : बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरवर विसंबणे. श्वासाचे स्नायू थकल्यावरही आकडा बराच वेळ चांगला राहतो. म्हणून श्वासाची क्षमता वारंवार मोजतात. ती वजनाच्या किलोमागे २० मिलिलिटरच्या खाली गेली की व्हेंटिलेटरची तयारी करतात. चार-पाच रुग्णांमागे एकाला तो लागतो. रक्तदाब आणि नाडीही अचानक वर-खाली होतात.

उपचार दोन : शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे दात्यांच्या रक्तातील प्रतिपिंड (किलोमागे रोज ०.४ ग्रॅम, पाच दिवस), किंवा प्लाझ्मा (रक्तातील द्रव भाग) बदलणे. पहिल्या दोन आठवड्यांत सुरू केल्यास लाभ जास्त. इम्युनोग्लोब्युलिननंतर लगेच प्लाझ्मा बदलू नये, दिलेले औषधच धुऊन निघते. स्टेरॉइडचा उपयोग होत नाही, आणि प्रतिजैविकांनी लुळेपणा थांबत नाही.