मिश्र चारा पिकांमुळे उत्पादन घटते का?

‘चाऱ्याच्या शेतात एकच पीक ठेवावे, दोन-तीन पिके मिसळली की ती एकमेकांचे अन्न खातात आणि उत्पादन घटते,’ असा संदेश वर्षानुवर्षे पुढे पाठवला जातो. पिकांमध्ये स्पर्धा असतेच, त्यामुळे तो पटण्याजोगा वाटतो; मात्र सर्व पिके एकाच थरातून आणि एकाच स्रोतातून अन्न घेतात हे त्यामागील गृहीतक बरोबर नाही.

लसूणघासासारख्या द्विदल (शेंगवर्गीय) पिकाच्या मुळांवरील गाठींत राहणारे जिवाणू हवेतील नत्र (नायट्रोजन) स्थिर करतात, म्हणजे पिकाला वापरता येईल अशा रूपात आणतात. शेजारचे गवत जमिनीतील नत्र वेगाने शोषून घेते, त्यामुळे द्विदलाला हवेतील नत्रावर अधिक अवलंबून राहावे लागते. पुढे त्याची जुनी मुळे व गाठी कुजल्या की त्यातील काही नत्र गवतालाही मिळते. शिवाय गवताची दाट, उथळ मुळे नत्र निचऱ्यावाटे वाहून जाण्यापासून रोखतात, तर लसूणघासाची मुळे खोलवरचे पाणी मिळवतात. म्हणूनच योग्य मिश्रणाचे उत्पादन त्यातील पिकांच्या स्वतंत्र उत्पादनाच्या सरासरीपेक्षा बहुधा जास्त भरते. कोणतेही मिश्रण चालते असे मात्र नाही: भरपूर नत्रखत दिल्यास गवत द्विदलाला दाबून टाकते आणि हा लाभ ओसरतो.

पडताळणीसाठी सारख्या जमिनीत गवत, द्विदल आणि मिश्रण यांचे समान आकाराचे पट्टे पेरावेत, प्रत्येक कापणीचा चारा पूर्ण वाळवून मगच तोलावा, कारण ओल्या वजनात पाण्याचा फरक मिसळतो. द्विदलाची गाठ कापल्यावर आत गुलाबी किंवा लालसर रंग दिसल्यास नत्र स्थिरीकरण चालू आहे असे समजावे.