तबेल्यातून सुरू झालेली शाळा: ऑस्ट्रेलियातल्या कॅथलिक प्राथमिक शिक्षणाची पार्श्वभूमी

मेलबर्नमधल्या मराठी घरात मूल चार-साडेचार वर्षांचं झालं की शाळेची बोलणी सुरू होतात. सरकारी की कॅथलिक, हा पहिला प्रश्न. कॅथलिक ठरलं की भारतातून आजी फोनवर समाधानाने म्हणते, ‘म्हणजे कॉन्व्हेंटात घातलं!’ आपल्याकडे या शब्दाबरोबर इंग्रजी माध्यम, कडक शिस्त, मोठ्या घरची मुलं असं सगळं चित्र येतं. इथल्या पॅरिशच्या, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या कॅथलिक वस्तीच्या, प्राथमिक शाळेत पहिल्या दिवशी गेलं तर वेगळंच दिसतं. चर्चला लागून बैठी इमारत. सहावीतली मुलगी नव्या पोराचा हात धरून त्याला दप्तर कुठे अडकवायचं ते दाखवते. आणि फाटकावर सूचना असते, की शनिवारी पालकांनी खराटे-फावडी घेऊन सफाईला यावं.

ही शाळा मुळात गरिबांची. परक्या मुलखात आलेल्या, सत्तेत वाटा नसलेल्या माणसांनी आपल्या पोरांसाठी ती उभी केली. तिच्या आजच्या बऱ्याच सवयींचं मूळ मला तिथे दिसतं.

एकोणिसाव्या शतकात ऑस्ट्रेलियातले कॅथलिक बहुतेक आयरिश होते. कोणी कैदी म्हणून जहाजातून आणलेले, कोणी १८४० च्या दशकातल्या बटाट्याच्या दुष्काळाने देशोधडीला लागलेले, कोणी सोन्याच्या खाणींच्या आशेने आलेले. मजुरी, मेंढपाळी आणि घरकाम हे त्यांचे धंदे. जमीन आणि कारभार मुख्यतः इंग्रज आणि स्कॉटिश प्रोटेस्टंटांच्या हाती. मुलांना दुसऱ्याच्या पंथाच्या शाळेत घालावं तर धर्म सुटण्याची भीती, न घालावं तर पोरं अडाणी राहणार.

दक्षिण ऑस्ट्रेलियातलं पेनोला हे मेंढ्यांच्या चराईच्या मुलखातलं छोटं गाव. तिथे फादर ज्युलियन टेनिसन वुड्स नावाचे धर्मगुरू होते. त्यांची पॅरिश हजारो चौरस मैलांची, आणि ती घोड्यावरून फिरताना त्यांना ठिकठिकाणी शाळेवाचून वाढणारी मुलं दिसत. १८६० मध्ये त्याच भागात काका-काकूंच्या मुलांना शिकवायला मेरी मॅकिलॉप ही अठरा वर्षांची मुलगी आली. तिचा जन्म १८४२ चा, मेलबर्नच्या फिट्झरॉय भागातला. आईवडील स्कॉटलंडहून आलेले. वडिलांचे व्यवहार सतत फसत गेले आणि आठ भावंडांत थोरली असल्याने घरखर्चाचा भार तिच्यावर लवकर पडला. गरिबी ती जगली होती, आणि पुढे तिने घेतलेले निर्णय समजायला हे लक्षात ठेवावं लागतं.

१८६६ मध्ये पेनोलात एका पडीक तबेल्याची तिच्या भावाने डागडुजी केली आणि तिथे शाळा भरू लागली. त्यातून सिस्टर्स ऑफ सेंट जोसेफ हा संघ निघाला. तपकिरी झग्यामुळे लोक त्यांना ‘ब्राउन जोईज’ म्हणू लागले. त्यांचे नियम त्या काळच्या मठांपेक्षा वेगळे होते. मोठा मठ बांधायचा नाही, दोघी-तिघींनी मिळून लोकांच्या वस्तीत साध्या खोपटात राहायचं, नावावर काही ठेवायचं नाही. ज्याला फी झेपते त्याने द्यावी, झेपत नाही त्याचं मूल तसंच शिकेल. खाणीच्या तळावर, रेल्वेच्या कामावर, दूरच्या खेड्यात, जिथे माणसं तिथे या जात. १८७१ पर्यंत सुमारे १३० सिस्टर चाळीसहून अधिक शाळांत आणि संस्थांत काम करत होत्या.

एवढ्या झपाट्याने वाढलेल्या आणि स्वतःच्या नियमाने चालणाऱ्या बायका चर्चमधल्या अधिकाऱ्यांना रुचणं कठीणच होतं. ॲडलेडचे बिशप शील यांनी २२ सप्टेंबर १८७१ रोजी अवज्ञेच्या आरोपाखाली मेरीला धर्मबहिष्कृत केलं. आपल्या भाषेत, वाळीत टाकलं. त्याआधी या सिस्टरांनी एका धर्मगुरूने मुलांवर केलेल्या अत्याचाराची तक्रार केली होती आणि त्याला मायदेशी परत पाठवलं गेलं होतं. त्याच्या सहकाऱ्याच्या मनात राहिलेला राग या बहिष्कारामागे होता, ही बाजू २०१० मध्ये मेरीला संतपद मिळालं तेव्हा जगासमोर ठळकपणे आली. सिस्टर रस्त्यावर आल्या तेव्हा त्यांना बिनभाड्याचं घर दिलं ते इमॅन्युएल सॉलोमन या यहुदी व्यापाऱ्याने. पाच महिन्यांनी, मृत्युशय्येवर असताना, बिशपांनी बहिष्कार मागे घेतला. मेरीने कुणाविरुद्ध जाहीर तोंड उघडलं नाही. १८७३ मध्ये ती रोमला गेली आणि तिथल्या चर्चा पार पडल्यावर संघाचा कारभार स्थानिक बिशपच्या हाती न जाता संघाच्याच हाती राहिला.

याच सुमाराला दुसरीकडे कायदे बदलत होते. व्हिक्टोरिया या वसाहतीने १८७२ मध्ये शिक्षण मोफत, सक्तीचं आणि धर्मनिरपेक्ष केलं आणि चर्चच्या शाळांचं अनुदान बंद केलं. न्यू साउथ वेल्सचा कायदा १८८० चा. तिथलं अनुदान १८८२ अखेर थांबलं. शतक संपेपर्यंत सगळ्या वसाहतींत हेच झालं होतं. एकाच सरकारी शाळेत सगळी मुलं एकत्र शिकावीत हा हेतू मला चुकीचा वाटत नाही. पण आयरिश मजुराच्या दृष्टीने त्याचा अर्थ असा, की कर भरायचा सरकारी शाळांसाठी आणि आपल्या शाळेचा खर्च वेगळा सोसायचा. इतर पंथांनी बहुतेक शाळा सरकारकडे दिल्या. कॅथलिक बिशपांनी मात्र न देण्याचं ठरवलं, आणि १८८५ च्या त्यांच्या परिषदेने पालकांना मुलं कॅथलिक शाळेतच घालण्याचं बंधन घातलं.

पुढची ऐंशी वर्षं या शाळा सरकारी पैशाशिवाय चालल्या. त्या चालल्या बायकांच्या बिनपगारी श्रमांवर. आयर्लंडमधून आणि नंतर इथल्याच घरांतून हजारो मुली सिस्टर झाल्या. दिवसभर वर्ग घ्यायच्या आणि संध्याकाळी पियानोच्या शिकवण्या करून मिळालेल्या पैशांत मठाची चूल पेटवायची. बाकीचं पॅरिशने भागवायचं. जत्रा, सोडती, नाच, केक विकणं, कुणी सुतार तर बाक दुरुस्त करणार, कुणी गवंडी तर भिंत बांधणार. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काले इथे रयत शिक्षण संस्था सुरू केली आणि पुढे वसतिगृहासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना या शाळांचा इतिहास परका वाटू नये. दोन्हीकडे लोकवर्गणी होती, आणि दोन्हीकडे घरातल्या बाईने पदराला खार लावून घेतला होता.

दुसऱ्या महायुद्धानंतर इटली, माल्टा, पोलंड, हॉलंड इथून निर्वासित आणि स्थलांतरित आले. त्यांतले पुष्कळ कॅथलिक. शाळा भरून वाहू लागल्या. एकेका वर्गात साठ-सत्तर, कधी त्याहून जास्त मुलं आणि समोर एक सिस्टर.

मग १९६२ च्या जुलैत गोलबर्न या न्यू साउथ वेल्समधल्या गावात संडासांवरून प्रकरण पेटलं. तिथल्या एका कॅथलिक प्राथमिक शाळेने आणखी तीन संडास बांधले नाहीत तर मान्यता मिळणार नाही, असं सरकारी अधिकाऱ्यांनी कळवलं. शाळेकडे पैसे नव्हते, आणि सरकार अट घालणार पण मदत देणार नाही, हे वर्षानुवर्षांचं दुखणं होतं. पालकांची मोठी सभा झाली आणि गावातल्या सगळ्या कॅथलिक शाळा बंद करून मुलं सरकारी शाळांत पाठवायचं ठरलं. सोमवारी सकाळी सुमारे दोन हजार मुलं गणवेश घालून सरकारी शाळांच्या दारात उभी राहिली. जागा मिळाली ६४० जणांना. संप एक आठवडाच चालला, पण इतकी वर्षं ही मुलं कोणाच्या पैशाने शिकत होती, ते साऱ्या देशाने पाहिलं.

पुढच्याच वर्षी पंतप्रधान रॉबर्ट मेंझिस यांनी निवडणुकीत विज्ञान प्रयोगशाळांसाठी सगळ्या प्रकारच्या शाळांना मदत जाहीर केली. शाळांच्या अनुदानावरच्या १९७३ च्या सरकारी कार्मेल अहवालानंतर गरज पाहून अनुदान देण्याची पद्धत आली. अशी मदत घटनाबाह्य आहे, हा दावा १९८१ मध्ये उच्च न्यायालयाने (इथलं सर्वोच्च न्यायालय तेच) फेटाळला. पैसा वेळेवर आला, कारण तोवर सिस्टर कमी होऊ लागल्या होत्या आणि पगारी शिक्षक नेमावे लागत होते. आज देशातल्या साधारण पाचांतलं एक मूल कॅथलिक शाळेत शिकतं, आणि बहुतेक शाळांत मुख्याध्यापकांपासून सगळे सामान्य संसारी लोक आहेत.

या इतिहासातलं सर्वांत वेदनादायी पान मात्र टाळता येत नाही. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांची चौकशी करणाऱ्या रॉयल कमिशनने २०१३ ते २०१७ या काळात हजारो पीडितांचं म्हणणं ऐकलं. कॅथलिक संस्थांचा त्यात फार मोठा वाटा होता. कितीतरी तक्रारी दाबल्या गेल्या, माणसांच्या फक्त बदल्या झाल्या. व्हिक्टोरियातल्या बॅलरट शहरात लोकांनी शाळा-चर्चच्या कुंपणांना रंगीत फिती बांधल्या, पीडितांचं ऐकलं जातंय हे दिसावं म्हणून. आज पालक शाळेत मदतीला जायचं म्हटलं तरी आधी मुलांसोबत काम करण्याचा परवाना काढावा लागतो. तो कंटाळवाणा कागद मी मनापासून भरतो.

मराठी पालकांना रोजच्या व्यवहारात दिसतात त्या गोष्टी बहुतेक या वाटेने आलेल्या आहेत. प्रवेशात पॅरिशमधल्या बाप्तिस्मा झालेल्या मुलांना आधी जागा, नंतर इतरांना. पण प्रवेश मिळाल्यावर फी झेपेनाशी झाली तर कार्यालयात जाऊन मोकळेपणाने सांगता येतं. लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासाच्या, सहा आठवड्यांत ‘प्रोजेक्ट कंपॅशन’ या मदतनिधीची पुठ्ठ्याची पेटी घरी येते आणि मुलं खाऊचे पैसे तिच्यात टाकतात. थंडीच्या दिवसांत सेंट व्हिन्सेंट डी पॉल या गरिबांना मदत करणाऱ्या संस्थेसाठी ब्लँकेटं आणि डबाबंद अन्न गोळा होतं. शाळेतल्या गटांना बहुधा मॅकिलॉपचं किंवा दुसऱ्या एखाद्या संताचं नाव असतं. हिंदू मुलंही मिसाला, म्हणजे चर्चमधल्या सामूहिक उपासनेला, बसतात. कम्युनियनच्या, म्हणजे पवित्र भाकरीचा प्रसाद देण्याच्या, वेळी छातीवर हातांची फुली करून पुढे जातात आणि नुसता आशीर्वाद घेतात. आजी-आजोबा दिन येशूच्या आजी-आजोबांच्या, म्हणजे अ‍ॅना आणि योआकिम यांच्या सणाच्या आसपास येतो. त्या दिवशी वसईहून आलेली एखादी कॅथलिक आजी लुगडं नेसून आणि पुण्याहून आलेली आजी नऊवारीत, शेजारी-शेजारी छोट्या खुर्च्यांवर बसलेल्या दिसतात. वसईच्या आजीला मिसाची उत्तरं पाठ असतात, आणि पुण्याच्या आजीला ती कधी उठायचं, कधी बसायचं ते कोपराने खुणावत असते.