पेसमेकरची तार हृदयात नेमकी कुठे बसते?

पेसमेकर बसवायचं ठरलं की घरची मंडळी आम्हाला, म्हणजे पेसमेकर पुरवणाऱ्यांना, यंत्राबद्दल विचारतात. कोणतं घ्यायचं, बॅटरी किती वर्षं चालेल? पण यंत्र राहतं कातडीखाली. हृदयात जाते ती तार, म्हणजे लीड. तिच्याबद्दल फारसं कुणी विचारत नाही, म्हणून हे पत्रक.

1958 साली स्वीडनमध्ये आर्ने लार्सन यांना पहिला पेसमेकर बसवला, तेव्हा छाती उघडून तारा हृदयाला बाहेरून शिवल्या होत्या. आता गळ्याखालच्या आडव्या हाडाजवळच्या शिरेतून तार आत सरकवतात. ती उजव्या बाजूच्या वरच्या कप्प्यात उतरते. दोन तारा असतील तर एक तिथेच थांबते आणि दुसरी झडप ओलांडून खालच्या कप्प्यात जाते.

खरी कसोटी इथे लागते. डाव्या खालच्या कप्प्याची भिंत साधारण 10 मिलिमीटर जाड असते, उजव्याची जेमतेम 3 ते 4, आणि अगदी खालच्या टोकाला त्याहूनही पातळ. तारेच्या टोकाचा बारीक स्क्रू साधारण 2 मिलिमीटरचा. तो पातळ जागी जास्त रुतला तर भिंतीला भोक पडून हृदयाभोवती रक्त साचू शकतं. असं क्वचितच होतं, पण झालं तर जिवावर बेततं. म्हणून बरेच डॉक्टर दोन खालच्या कप्प्यांमधल्या जाड पडद्यावर तार बसवणं पसंत करतात.

पण समोरून घेतलेल्या एक्स-रेत पडदा आणि पुढची भिंत यांतला फरक कळत नाही. त्यासाठी कॅमेरा डावीकडे साधारण 40 अंश फिरवतात. टोक पाठीच्या कण्याकडे वळलेलं दिसलं तर तार पडद्यावर आहे. छातीच्या मधल्या हाडाकडे दिसलं तर पुढच्या भिंतीवर, म्हणजे जागा बदलायची. कॅथलॅबमध्ये, म्हणजे जिथे तार बसवतात त्या खोलीत, आमचा माणूस प्रोग्रॅमरवरचे (पेसमेकर तपासायच्या संगणकावरचे) आकडे वाचत असतो. पेशंटला मोठा श्वास घ्यायला, खोकायला सांगतात आणि तार हलत नाही ना ते पाहतात. या दहा मिनिटांची घाई कुणीही करू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

घरी आल्यावर पहिले 4 ते 6 आठवडे त्या बाजूचा हात खांद्याच्या वर नेऊ नका. फळीवरचा डबा काढणं, उंच दोरीवर कपडे वाळत घालणं दुसऱ्या कुणाला तरी सांगा. पण हात गळ्यात बांधून अगदी निश्चलही ठेवू नका, खांदा आखडतो. खांद्याच्या खाली रोजच्या हालचाली चालू द्या.

चक्कर, श्वास घेताना छातीत दुखणं, धाप, न थांबणारी उचकी, जखमेवर सूज यांपैकी काहीही जाणवलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. सकाळपर्यंत थांबू नका.

आम्ही दिलेल्या कार्डावर यंत्राबरोबर तारेचाही मॉडेल नंबर असतो. पुढे एमआरआय काढायची वेळ आली तर दोन्ही नंबर तपासले जातात. नुसतं यंत्र एमआरआयला चालणारं असून भागत नाही. कार्ड पाकिटात ठेवा आणि त्याचा फोटो घरातल्या आणखी एकाच्या मोबाईलमध्ये असू द्या.