नाटोचे हवाई तळ आणि सामायिक वर्गणी

धावपट्टी एका देशात, तिच्यावर उतरणारी विमानं दुसऱ्याच देशाची, आणि बांधकामाचं बिल सगळ्या मित्रदेशांत वाटून घेतलेलं, असे लष्करी हवाई तळ नाटोमधे १९५० च्या दशकापासून आहेत. १९५० ला ब्रिटन, फ्रान्स, बेल्जियम, नेदरलँड्स आणि लक्झेंबर्ग या वेस्टर्न युनियन नावाच्या संरक्षण गटातल्या पाच देशांनी कामांचा पहिला टप्पा ठरवला, पुढच्या वर्षी नाटोने ते हातात घेतलं. या टप्प्यांना तेव्हा ‘स्लाइस’ म्हणायचे.

गरज साधी होती. जेट विमानांना साधारण २४०० मीटर धावपट्टी लागायची, जुन्या धावपट्ट्या अपुऱ्या पडत होत्या आणि जिथे नवीन तळ हवे होते ते देश महायुद्धातून नुकतेच सावरत होते. फ्रान्सच्या जमिनीवर अमेरिकन आणि कॅनडाची विमानं राहणार, मग सगळा खर्च एकट्या फ्रान्सने का सोसायचा?

म्हणून ठरलं की जमीन, रस्ता, पाणी, वीज हे यजमान देशाने बघायचं आणि धावपट्टी, टॅक्सीवे (विमान धावपट्टीपर्यंत नेण्याचे रस्ते), इंधनाच्या टाक्या वगैरे सामायिक वर्गणीतून. टेंडर यजमान देश काढतो पण बोली दुसऱ्या सदस्य देशांच्या कंपन्याही लावू शकतात, आणि काम झालं की नाटोची तपासणी होते. विमानं, वैमानिक, त्यांचे पगार आणि कुटुंबांची घरं मात्र ज्याची त्याने सांभाळायची. माझ्या मते ही रेघ हाच या पद्धतीचा कणा, कारण एखाद्या देशाला स्वतःच्या संरक्षणासाठी जे लागणारच आहे त्याचे पैसे इतरांनी का द्यावेत, आणि त्याच्यापलीकडचं जे सगळ्यांसाठी आहे ते त्या एकट्याने का भरावं, हा वाद ती रेघच सोडवते. जून १९६७ च्या अरब-इस्रायल युद्धात इजिप्तची विमानं जमिनीवरच नष्ट झाली, ते बघून युरोपात विमानांसाठी काँक्रीटचे मजबूत निवारे बांधले गेले, तेही बऱ्याच प्रमाणात याच निधीतून.

पैसा सगळ्यांचा असला तरी जमीन यजमानाचीच राहते, हा यातला कच्चा दुवा. १९६६ ला फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल यांनी फ्रान्सला नाटोच्या लष्करी रचनेतून बाहेर काढलं आणि परदेशी सैन्याला १ एप्रिल १९६७ पर्यंत निघायला सांगितलं. एव्रो, शोमाँ, तूल-रोझिएर असे तळ रिकामे झाले, धावपट्ट्या अर्थातच तिथेच राहिल्या. एव्रोला आज फ्रेंच हवाई दल आहे. पुढे स्पेनने आपल्या तोरेहोन तळावरून ७२ अमेरिकन एफ-१६ लढाऊ विमानं हलवायला सांगितली तेव्हा १९८८ ला इटलीत क्रोतोनेला सामायिक खर्चाने नवा तळ बांधायचं ठरलं, पण शीतयुद्ध ओसरलं, अमेरिकन काँग्रेसने पैसे अडवले आणि तो तळ झालाच नाही.

जर्मनीतला गाइलेनकिर्शेनचा तळ वेगळा आहे, तिथली अवॅक्स (हवेतून रडारने टेहळणी करणारी) विमानंसुद्धा नाटोचीच, नोंदणी लक्झेंबर्गची.

सामायिक वर्गणीत कुणाचा वाटा किती यावर कायम ओढाताण. २०१९ ला अमेरिकेचा वाटा २२ टक्क्यांवरून १६ च्या आसपास, म्हणजे जवळजवळ जर्मनीइतका करायचं ठरलं. निधीचं नाव आता सिक्युरिटी इन्व्हेस्टमेंट प्रोग्राम आहे. त्यातूनच अल्बानियातला कुचोवा हा सोव्हिएत काळातला तळ सुधारला आणि मार्च २०२४ मधे तो परत सुरू झाला.