पोटातलं पाणी सुईमुळे वाढत नाही

हातपाय काड्यांसारखे आणि पोट मात्र घागरीएवढं. जलोदराचा रुग्ण आडवा झाला की पोटातलं पाणी छातीचा पडदा वर ढकलतं आणि धाप लागते. डॉक्टर पाणी काढायचं म्हणतात, तेव्हा घरचे घाबरतात: एकदा काढलं की परत परत भरतं म्हणे!

भरतं, हे खरं. पण सुईमुळे नव्हे. बहुतेकांच्या बाबतीत मूळ दुखणं यकृताचा सिरॉसिस असतो. यकृत घट्ट झालं की आतड्यांकडून येणारं रक्त तुंबतं, शिरांमधला दाब वाढतो, मूत्रपिंडं मीठ आणि पाणी धरून ठेवतात. हे चालू असेतो पोट भरणारच, सुई टोचा अगर न टोचा.

कृती तशी छोटी. आधी लघवी करून यायला सांगतात, म्हणजे मूत्राशय सुईच्या वाटेत येत नाही. सोनोग्राफीने जागा ठरवतात, बहुधा ओटीपोटाच्या डाव्या बाजूला, आणि ती बधिर करतात. सुई घालताना कातडी थोडी ओढून धरतात. सोडल्यावर बाहेरचं आणि आतलं छिद्र एका रेषेत राहत नाही, त्यामुळे मागाहून पाणी झिरपत नाही. किती साधी, किती हुशार युक्ती!

सुश्रुतसंहितेतही छिद्र नाभीखाली डावीकडेच करायला सांगितलं आहे, आणि सगळं पाणी एका दिवसात काढू नये असं बजावलं आहे. ती भीती रास्त होती. भराभर पाणी काढलं की रक्ताभिसरण कोलमडू शकतं, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. आज एका बैठकीत 5 लिटरांहून जास्त पाणी काढता येतं, कारण सिरॉसिसच्या रुग्णाला दर लिटरमागे 6 ते 8 ग्रॅम अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रथिन शिरेतून देतात. ते देणार आहात ना, हे नातेवाइकांनी निःसंकोच विचारावं.

पण मला लिटरांपेक्षा तपासणीला जाणारे थोडे मिलीलिटर मोलाचे वाटतात. रक्तातल्या आणि पाण्यातल्या अल्ब्युमिनमधला फरक डेसिलिटरला 1.1 ग्रॅम किंवा जास्त असेल, तर यकृताच्या शिरांमधल्या दाबाकडे बोट जातं. कमी असेल तर क्षय, कर्करोग शोधावे लागतात. आणि एका घन मिलीमीटरमध्ये 250 किंवा जास्त न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या) पेशी दिसल्या तर जंतुसंसर्ग धरून लगेच प्रतिजैविकं सुरू करतात. हा संसर्ग कधी तापाशिवायही येतो. रुग्ण नुसता गुंगीत जातो, असंबद्ध बोलतो. असं दिसलं तर सकाळची वाट न पाहता त्याला रुग्णालयात न्यावं.