सूपला पाणी सुटतं, केचपला का नाही?

कॉर्नफ्लोर लावलेलं सूप रात्रभर फ्रिजमध्ये राहिलं की सकाळी त्याला पाणी सुटलेलं असतं. केचप मात्र महिनोन्महिने तसंच दाट. बाटलीमागची बारीक अक्षरं वाचलीत, तर बऱ्याच केचपवर आयएनएस 1422 (अन्नात मिसळायच्या पदार्थांना दिलेला आंतरराष्ट्रीय क्रमांक) हा आकडा सापडेल. हा सुधारित स्टार्च.

साध्या मक्याच्या स्टार्चचे, म्हणजे कॉर्नफ्लोरचे कण पाण्यात साधारण 65-70 अंशांना पाणी पिऊन टच्च फुगतात आणि रस दाटतो. गडबड त्यानंतर होते. उकळी लांबली, जोरात घुसळलं किंवा आंबट पडलं की फुगलेले कण फुटतात आणि दाटपणा उतरतो. केचपच्या कारखान्यात तर आच, पंप आणि व्हिनेगर तिन्ही हजर! शिवाय गार होताना स्टार्चमधल्या ॲमायलोज नावाच्या रेणूंच्या सरळ साखळ्या एकमेकींना बिलगतात आणि मधलं पाणी बाहेर ढकलतात.

1422मध्ये दोन्हींवर उपाय आहे. ॲडिपिक आम्ल (हो, नायलॉनसाठी लागतं तेच) शेजारच्या साखळ्यांना अधूनमधून टाके घालतं, त्यामुळे कण फुगतो पण उसवत नाही. व्हिनेगरमधल्या आम्लाचे ॲसिटिल गट साखळ्यांवर जागोजागी लटकतात आणि त्यांना जवळ येऊ देत नाहीत. हे सगळं अगदी चिमूटभर: ॲडिपेट जास्तीत जास्त 0.135 टक्के, ॲसिटिल 2.5 टक्के. टाके फार झाले तर कण फुगणारच नाही.

यासाठी पुष्कळदा ‘वॅक्सी’ मका वापरतात, कारण त्यात ॲमायलोज जवळजवळ नसतंच. 1908 साली शांघायहून अमेरिकेत गेलेलं हे बियाणं बरीच वर्षं अभ्यासकांपुरतंच राहिलं. दुसऱ्या महायुद्धात आग्नेय आशियातून येणारा टॅपिओका (साबुदाणा ज्या कंदापासून करतात त्याचा स्टार्च) बंद झाला, तेव्हा कुठे त्याला शेत मिळालं.

नंबर पाहून घाबरायचं कारण नाही. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने 2017 मध्ये या स्टार्चांची फेरतपासणी केली आणि रोजच्या सेवनाला आकड्यात मर्यादा घालण्याची गरज नाही, असं म्हटलं. पचायला तो बहुतांशी साध्या स्टार्चसारखाच, म्हणून साखर मोजणाऱ्यांनी तोही हिशेबात धरावा.

माझी तक्रार वेगळी आहे. केचप दाट दिसलं म्हणजे टोमॅटो भरपूर, हा अंदाज आता चालत नाही. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. त्यात टोमॅटो पेस्टच्या आधी साखर आली आहे का, ते बघा. काही बाटल्यांवर पेस्टचे टक्केही छापलेले असतात.